झोलाईच्या कोंडाची सोयरीक

सकाळी टाकीतल्या सगळ्या माशांनी एकदम खाणं सोडलं. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखे वर आले होते. सकाळी एकही आला नाही. खाद्य पाण्यावर तरंगत राहिलं आणि खाली सगळे मासे एका कोपऱ्यात, एकाच दिशेला तोंड करून थांबले होते.

मी निखतला फोन केला.

"किती जणांनी सोडलंय, काका?"

"सगळ्यांनी."

"म्हणजे बऱ्याच जणांनी?"

"सगळ्यांनी म्हणतोय ना."

ती म्हणाली, "येते."

डॉ. निखत मुकादम ही माझ्या बायकोची विद्यार्थिनी. बायको, डॉ. हेमांगी, गेल्या वर्षी गेली. मी स्वतः शास्त्रज्ञ नाही. चिपळूणला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. ती आजारी पडल्यावर ते बंद केलं. आता कॉलेजच्या जुन्या हॅचरीतले पंप, हवेच्या मोटारी आणि तिचे मासे बघतो. माशांतलं मला जे कळतं ते तिने जेवताना सांगितलेलं. जेवताना ती दुसरं काही बोलायचीच नाही.

या माशाला पुस्तकात महासीर म्हणतात, आमच्याकडे खडस. मोठा मासा, मोठ्या खवल्यांचा. वाहत्या, थंड, स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाही. हेदलीच्या झोलाईच्या देवळाखाली नदीत खोल डोह आहे, त्याला कोंड म्हणतात. त्या कोंडातले खडस देवीचे. ते कुणी मारायचे नाहीत. एखादा मेला तर गुरव त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून उंबराखाली पुरायचा आणि गाव एक दिवस सुतक पाळायचं. हेमांगीने पीएचडीला असताना याच कोंडात काम सुरू केलं आणि शेवटपर्यंत तिथून बाहेर पडली नाही.

तिचा शोध असा होता. माशाच्या पोटात काही पेशी असतात, ज्यांनी आपण अंडं व्हायचं की वीर्य हे अजून ठरवलेलं नसतं. हेमांगी त्या पेशी खडसाच्या पोटातून काढायची आणि सिप्रिनसच्या पिल्लाच्या पोटात केसाहून बारीक सुईने सोडायची. सिप्रिनस म्हणजे बाजारात मिळतो तो स्वस्त तळ्यातला मासा. ही पिल्लं तिने अशी तयार केलेली असायची की त्यांच्यात स्वतःच्या त्या पेशी नसायच्या. घर रिकामं. सोडलेल्या पेशी आपण होऊन सरकत त्या जागी जाऊन बसायच्या. खडस अंड्यांवर यायला पाच-सहा वर्षं घेतो, सिप्रिनस वर्षभरात येतो. वर्षाने तो सिप्रिनस अंडी घालायचा, पण ती खडसाची. पिल्लंही खडसाची, त्यांत सिप्रिनसचा काही अंश नाही. याला ती उसनी कूस म्हणायची.

नराच्या पेशी मादी सिप्रिनसमध्ये सोडल्या तर त्यांचीही अंडी होतात. हे तिने सांगितलं तेव्हा माझा घास हातात राहिला होता.

"म्हणजे बापच आई?"

"कुशीवर ठरतं रे. जेव."

पेशी गोठवून ठेवता येतात. गाई भरायला येतो त्या डॉक्टरकडे नायट्रोजनची कॅन असते, तसल्याच कॅनमध्ये. वर्षानुवर्षं राहतात. हेमांगीने कोंडातल्या बारा खडसांच्या पेशी अशा ठेवल्या होत्या. पोटाला बारीक छेद, दोन टाके, मासा परत पाण्यात. बाराही जणांना तिने नावं दिली होती. एकाचा कल्ला फाटलेला, तो कानफाट्या. एक तळाशीच राहायची, ती म्हातारी. एक सगळ्यांच्या तोंडातलं काढून खायचा, त्याला ती माझ्या मोठ्या भावाचं नाव घेऊन हाक मारायची.

तिचा शोध जगभर गेला. लोकांनी तो वापरला आणि त्याचं पुढे काय होणार ते आम्हाला फार उशिरा कळलं. वरच्या खोऱ्यात धरण आणि बोगद्याचं काम यायचं होतं. ते वर्षानुवर्षं अडलं होतं, कारण कोंड. मग एका अहवालात एक ओळ आली. या प्रजातीचा जनुकसाठा सुरक्षित असून ती केव्हाही पुन्हा निर्माण करता येते. खाली हेमांगीच्या निबंधाचा संदर्भ होता. मंजुरी मिळाली. ती पत्रं लिहीत राहिली, सुनावण्यांना जात राहिली. समोरचा माणूस प्रत्येक वेळी तिचंच वाक्य तिला वाचून दाखवायचा. पुढे ही पद्धतच पडली. नदी जाऊ दे, मासा कॅनमध्ये आहे. देशात किती ठिकाणी असं झालं ते तिने मोजणं सोडून दिलं.

बोगद्याचा गाळ कोंडात आला त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथे होतो. पाणी चिखलाच्या रंगाचं झालं होतं आणि खडस पोट वर करून कडेला लागत होते. पांढरं कापड संपलं म्हणून बायका जुनी लुगडी फाडत होत्या. गावाने त्या वर्षी शिमगा केला नाही. चंदू गुरव कमरेइतक्या चिखलात उभा होता. तो तिला म्हणाला, "बाय, तुम्ही नेलेले हायत ना ते? ते बरे हायत ना?"

"बरे आहेत," ती म्हणाली.

"मग आणून द्या परत. आमचं काय नाय म्हणणं."

ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं ती पुढे अनेकदा म्हणाली.

पुढे कोर्टात केस झाली आणि धरणातून बारमाही पाणी सोडायचा हुकूम झाला. गावाने कोंडातला गाळ काढला. पाणी पुन्हा स्वच्छ वाहू लागलं. कोंड तयार होता. पण त्याआधी एका पुरात हायवे बंद पडला, नायट्रोजनची गाडी आली नाही, आणि कॅनमधली पातळी उतरली. तळाच्या नळ्या तेवढ्या टिकल्या. त्या सगळ्या एकाच नराच्या होत्या, कानफाट्याच्या. त्याच्याच पेशी तिने सिप्रिनसच्या माद्यांत सोडल्या आणि सिप्रिनसच्याच नरांत. आईही तो, बापही तो. खूप पिल्लं वाकड्या कण्याची निघाली, खूप मेली. जी जगली ती ही टाकीतली.

मासे मोठे होत होते आणि हेमांगी बारीक होत होती. एका दुपारी ती टाकीशेजारी खुर्चीत बसली होती. मी पंपाचं बेअरिंग बदलत होतो.

"सुहास, हात पूस आणि इकडे ये."

मी गेलो.

"राखणदार म्हणून मी तुझं नाव दिलंय."

आता तसा कायदा आहे. अशा देवाच्या जागांतल्या वाणाला एक राखणदार असतो. त्याच्या संमतीशिवाय तो वाण दुसऱ्यात मिसळता येत नाही.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच. निखत सांगेल, दुसऱ्या नदीचे मासे आणून मिसळू या. तिचं बरोबरही असेल. पण तू मिसळू देऊ नकोस. मी जे उचललं तेच परत ठेवायचं. एक खवला वेगळा नको."

मी हो म्हणालो. तिला त्या वेळी नाही कोण म्हणणार होतं.

निखत आली. तिने कल्ल्यावरचा चिकटा काचेवर घेतला, बघितला. बुरशी होती. पाणी बदललं, मिठाचं प्रमाण वाढवलं, औषध दिलं. आठ दिवसांत एक तृतीयांश मासे गेले. वाचलेले एकाच दिवशी पुन्हा खायला लागले.

"बघितलंत ना?" निखत मेलेले मासे उचलत म्हणाली. "वेगवेगळे असते तर कुणाला लागली असती, कुणाला नसती. यांना सगळ्यांना एकच अंग आहे. एकाला झालं की सगळ्यांना. काका, मी वर्षभर बोलले नाही."

"मग आजही बोलू नकोस."

"मॅडमना तुम्ही शब्द दिलाय, माहितीये मला. मी बाजूच्याच खोलीत होते."

"मग झालं तर."

"पुढची पिढी यांच्यातच झाली तर ती एवढीही टिकणार नाही. कोंडात सोडाल आणि पाच वर्षांत परत कापड फाडायला बसाल."

मी मोटर बंद करून चालू केली. मोटरचा आवाज बदललाय असं म्हणालो. बदलला नव्हता.

मला वाटलं गाव लवकरात लवकर मासे घेईल आणि प्रश्न सुटेल. म्हणून मीच हेदलीला जाऊन बैठक लावली. देवळाच्या मंडपात पंचवीस-तीस माणसं जमली. सरपंच शुभदा मोहिते, चंदू गुरव, बाकी गावकरी. जाताना निखत आणि मी गाडीत ठरवलं होतं की सिप्रिनसचं फार बोलायचं नाही. बाजारातल्या माशाच्या पोटी देवीचा मासा आला म्हटलं की लोक बिथरतील. म्हणून निखतने ते भरकन सांगून टाकलं.

चंदू गुरव म्हणाला, "म्हंजे कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतो तसं."

"थोडं तसंच. फक्त ही कोंबडी अंडीच बदकाची घालते."

"घालू दे की. बदक हाय ना?"

"बदक आहे."

लोक हसले. कुणी बिथरलं नाही. मग शुभदाताईंनी विचारलं, "ह्यांचे आईवडील कोण? आमच्यातलेच ना?"

"तुमच्याच कोंडातला एक नर. त्याच्यापासूनच आई, त्याच्यापासूनच बाप."

मी लगेच म्हणालो, "एकदम शुद्ध आहेत. बाहेरचं काही नाही."

"शुद्ध कसले ओ," चंदू गुरव म्हणाला. "म्हंजे ही सगळी सख्खी भावंडं. उद्या कोंडात सोडली की ह्यांची पोरं ह्यांच्यातच होणार?"

"होणार."

"नाय. झोलाईच्या कोंडात भावाबहिणीचा संसार नको."

"अहो, मासे आहेत ते."

"सुहासराव, आम्ही त्यांचं सुतक धरतो. मासे हायत म्हणून धरतो काय?"

निखत खाली बघत होती. मला वाटलं ती हसतेय.

मग चर्चा सुरू झाली ती थांबेना. मुलगे घरचे ठेवायचे आणि मुली बाहेरच्या आणायच्या, हे गावाने पाच मिनिटांत ठरवलं. कुठच्या आणायच्या यावर तासभर गेला. खालच्या अंगाला काळकाईचा कोंड आहे, तिथे अजून खडस आहेत. पण काळकाई ही झोलाईची बहीण. दरवर्षी तिची पालखी भेटीला येते.

"मावशीची पोर ती. मावसबहीण. चालायची नाय," शुभदाताई म्हणाल्या.

"आमच्यात चालते," निखत म्हणाली.

"तुमच्यात चालते तर तुमच्या माशांना चालवा, डॉक्टरीणबाई."

निखत आता खरंच हसली. पण म्हणाली, "तसेही तिथले नकोत. पुरात इथलेच मासे खाली जातात. तुमच्यातलेच आहेत ते."

शेवटी भैरीवर एकमत झालं. भैरी डोंगरापलीकडे, दुसऱ्या नदीवर. तो झोलाईचा भाऊ. म्हणजे मामा. मामाची मुलगी चालते, उलट तिचाच मान आधी.

मी उभा राहिलो. "हे होणार नाही," म्हणालो. "राखणदार मी आहे. हेमांगीला मी शब्द दिलाय. जे नेलं तेच परत येणार, नाहीतर काही येणार नाही."

कुणी वाद घातला नाही. चंदू गुरव जागेवरून म्हणाला, "बघायला तर या. बघितल्यावर नको म्हणता येतं. मुलगी बघायला गेलं म्हणून लगीन लागत नाय."

मी गेलो त्याला कारण एवढंच की मला घरी जायचं नव्हतं. घरी दोन खुर्च्या आहेत.

भैरीच्या कोंडापर्यंत शेवटचा भाग चालत जावा लागतो. चंदू गुरव, शुभदाताई, निखत आणि मी. पलीकडच्या गावाला निरोप गेला होता. त्यांनी देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकली होती. पोहे आले, चहा आला. त्यांचा गुरव वयाने मोठा होता, कमरेत वाकलेला. पोहे संपल्यावर त्याने रीतसर विचारलं, "मुलाकडचं कोण?"

चंदू गुरवाने माझ्याकडे हात केला.

"तुम्ही मुलाचे कोण?"

आम्हाला मूल नव्हतं. हा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी बशी खाली ठेवली.

"मुलाच्या आईचा नवरा," मी म्हणालो.

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याला त्यात काही अडलं नाही. "आई नाय आली?"

"ती वारली."

"हं. मग तुम्हालाच बघायला पाहिजे सगळं," तो म्हणाला आणि लाह्यांची टोपली माझ्या हातात दिली.

कोंडाच्या पायऱ्यांवर मी बसलो. लाह्या टाकल्या. हेदलीचा कोंड मेल्यापासून मी खडस फक्त टाकीत बघितले होते. टाकीतले मासे पावलाच्या आवाजाला सगळे मिळून वळतात, सगळे मिळून खातात, सगळे मिळून भितात. मला वाटायचं खडस तसाच असतो.

इथे आधी एक आला. मोठा, संथ. त्याने लाही तोंडात घेतली, सोडली, परत घेतली. मागून दोन आले आणि एकमेकांना ढकलू लागले. एक डोळा गेलेला मासा कडेने फिरत होता आणि ज्या बाजूने दिसत नव्हतं तिथल्या लाह्या दुसरा खात होता. एक खालीच राहिली. लाह्या बुडून तिच्यापर्यंत गेल्या तेव्हा तिने सावकाश एक घेतली. एक तर सगळ्यांच्या तोंडातलं काढून खात होता. मी त्याला माझ्या भावाच्या नावाने हाक मारली. निखतने ऐकलं आणि ती दुसरीकडे बघू लागली.

हेमांगीने कोंडातून बारा मासे उचलले होते. परत ठेवायला आमच्याकडे एकच होता, तोच पुन्हा पुन्हा. हे मला वर्षभर माहीत होतं. निखतने सांगितलं होतं, टाकीने सांगितलं होतं. त्या पायऱ्यांवर ते मला दिसलं. जे उचललं तेच परत ठेवायचं, असं ती म्हणाली होती. ते आता कुणालाच जमणार नव्हतं. तिला हे कळत होतं का? कळत असणार. ती माझ्याहून खूप हुशार होती. पण दोषी माणसाला उचललेली वस्तू जशीच्या तशी परत ठेवायची असते. ती कमी होऊन ठेवली तरी चालते, वेगळी होऊन चालत नाही. आणि कोंडाला नेमकं उलटं हवं होतं.

म्हातारा गुरव मागे येऊन उभा होता. "पसंत हाय काय?" त्याने विचारलं.

"तुमच्या मुलींच्या परांचा रंग गडद आहे आमच्यापेक्षा," मी म्हणालो.

"नदीचा रंग तो. तुमच्या नदीत पोरं झाली की बदलेल, नायतर नाय बदलणार. आमची एक अट हाय."

"सांगा."

"मरेल ती तिथेच पुरा. परत पाठवू नका. आणि सुतक धरा."

"धरतात ते," मी म्हणालो. "पसंत आहे."

संमती फोनवरच द्यायची असते. निखतने पान उघडून दिलं. त्यावर लिहिलं होतं, हे मिश्रण मागे घेता येणार नाही. मी अंगठा ठेवला. मी बायकोला दिलेला शब्द मोडला. त्याला दुसरं काही नाव मी देत नाही. तिचं ऐकून मासे मारले असते तर शब्द पाळला असता, आणि तिचा चेहरा मला टाकीत रोज दिसला असता. आता तो कसा दिसेल मला माहीत नाही.

मुली न्यायला आम्ही थंडीत गेलो. निखतचं म्हणणं होतं की मासे आणायची गरज नाही, पोटातल्या पेशी घेऊ आणि सिप्रिनसमध्ये सोडू, मॅडमच्या पद्धतीने. दोन्ही गावांनी ते उडवून लावलं. सून स्वतः येते, तिचं सामान येत नाही, असं शुभदाताई म्हणाल्या. निखतने मग बोटाएवढ्या यंत्राने प्रत्येकीचा चिकटा तपासला आणि मादी आहे याची खात्री केली. पाच जणी निघाल्या. पलीकडच्या बायकांनी त्यांना कुंकू लावायचा हट्ट धरला. निखतने पाण्यात कुंकू चालणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी ते टाकीच्या झाकणाला लावलं.

टाकी टेम्पोत चढवली. हवेची मोटर मी स्वतः भरली होती, तांब्याची नवी तार घालून. दुकान बंद केल्यानंतर पहिल्यांदा. टेम्पो मी चालवत होतो, निखत शेजारी. चंदू गुरव मागे टाकीला टेकून बसला होता. झाकण थोडं सरकवून त्याने एक हात पाण्यात ठेवला होता.

घाट उतरताना वळणं फार होती. मी हळू चालवत होतो. मधेच मोटरचा आवाज ऐकायला इंजिन बंद केलं. मोटर चालू होती.

"चंदूभाऊ," मी मागे विचारलं, "काय म्हणतायत?"

"गप्प हायत ओ सगळ्या. एक कोपऱ्यात, एक वर, दोघी हाताला डसतायत. पाचवी बघतच नाय माझ्याकडे."

"नवीन घर आहे," मी म्हणालो. "वेळ लागेल."

निखत खिडकीबाहेर बघत होती. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चला काका. ऊन वाढायच्या आत पोचायला हवं."

मी टेम्पो सुरू केला.